डोस चुकला नव्हता

भूल देण्यापूर्वी मी चार प्रश्न विचारते. शेवटचं कधी खाल्लं? दात हलतो का? कुठलं औषध सोसत नाही का? दारू घेता का? चौथा प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो. हे मला शिकवलेलं होतं आणि तरी मी तो विचारला, कारण मला घाई होती. नव्वदच्या आसपास पनवेलमध्ये भूल देणारे आम्ही मोजकेच होतो. औषधांची बॅग मांडीवर घेऊन रिक्षाने एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जायचं, हाच माझा दिवस.

पेशंट उरणकडचा मिठागरवाला, पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं. स्ट्रेचरभोवती बायको, लग्नाची मुलगी आणि मुलीचा होणारा सासरा. साखरपुडा झालेला, लग्न दीड महिन्यावर. व्याहीही माळकरी. माळकऱ्याच्या घरी माळकऱ्याचीच मुलगी हवी म्हणून त्याने हे स्थळ पसंत केलं होतं, हे त्याने मला न विचारता सांगितलं.

"दारू?" मी विचारलं.

"नाय," पेशंट म्हणाला.

"नाय, बाई," बायको म्हणाली.

"माळकरी मानसाला काय इचारता?" व्याही हसला. "आमचेत अंडं पन शिवत नाय."

मी कागदावर 'नाही' लिहिलं.

टेबलावर त्याच्या वजनाच्या हिशेबाने थायोपेंटोन दिलं. अशा डोसवर माणूस दहा अंक मोजेपर्यंत झोपतो. हा डोळे मिचकावत म्हणाला, "बाई, मी जागाच हाय."

"सिरिंजमध्ये पाणी भरलंय का मॅडम?" सर्जन म्हणाले.

मी आणखी दिलं, मग आणखी. जवळजवळ दुप्पट गेल्यावर तो झोपला, आणि त्याचं 'नाय' खोटं होतं हे मला कळलं. मेंदूतल्या पेशींवर बारीक झडपा असतात. मेंदूचंच एक रसायन त्या झडपेला चिकटलं की ती उघडते, मिठातला क्लोराइड आत शिरतो आणि पेशी शांत होते. डायझेपामसारखी झोपेची औषधं त्याच झडपेला दुसऱ्या जागी चिकटतात. त्यांना ती स्वतः उघडता येत नाही, पण मेंदूचं रसायन आलं की ती पुन्हा पुन्हा उघडावी अशी सोय ती करतात. थायोपेंटोनची जागा आणखी वेगळी. ते उघडलेली झडप धरून ठेवतं, आणि जास्त दिलं तर कुणाची वाट न बघता स्वतःच उघडतं. दारूही याच झडपेवर काम करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू सावध होतो. झडपा कमी करतो, उरलेल्या घट्ट करतो, आणि जागं ठेवणारी यंत्रणा वाढवतो. मग अशा माणसाला साधा डोस पुरत नाही.

ऑपरेशननंतर मी बायकोला बाजूला घेतलं. "किती घेतो?" थेंबही नाही, म्हणत तिने मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. पुढचं ऑपरेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर्जननी बोलावलं. पेशंट घामाने निथळत होता, हात थरथरत होते, आणि तो चादरीवरून चिंबोऱ्या उचलून खाली टाकत होता. "धर, धर, नांगी मारंल!" तो बायकोला ओरडला. चादरीवर एकही खेकडा नव्हता. व्हरांड्यात माणसं जमली होती. 'बाईनं भूल जास्त दिली, मेंदूवर गेली,' असं एकजण म्हणत होता. दुसरा म्हणाला, वेड लागलंय, घराण्यात असंल.

बायकोने मला जिन्याजवळ गाठलं. "बाई, भूल चढली म्हनून सांगा. तुमचं काय जातंय?"

"माझं पोट जातं. उद्या या गावात मला कोण बोलावेल?"

"येडा म्हंतील तरी पोरीचं मोडलं. पितो म्हंतील तरी मोडलं. तुमी भूल चढली म्हना. तुमचं लोक इसरतील."

तिचं बरोबर होतं. लोक खरंच विसरले असते.

मी तिला काय झालंय ते समजावलं, कारण औषध कशावर देतेय ते तिला कळायला हवं होतं. "तुमच्या मिठागराच्या बांधाला उघाडी असते ना, भरतीचं पाणी आत घ्यायला? डोक्यात तशा लाखो आहेत. दारू रोज त्या उघडून धरायची, म्हणून डोक्याने निम्म्या बुजवून टाकल्या. आता दारू बंद, आणि उघाड्याही बंद."

"म्हंजे पानी येत नाय, आगर तापलं," ती लगेच म्हणाली. डॉक्टरकीच्या पोरांना हेच समजावायला मला अर्धा तास लागतो. मग ती हळूच म्हणाली, "सकालच्याला एक गलास, सांजच्याला दोन. मिठात उभं राहून पाय फुटतात त्याचे."

मी डायझेपाम शिरेतून द्यायला घेतलं. थोडं थोडं, श्वासावर नजर ठेवून. तासाभरात चिंबोऱ्या गेल्या. तो घोरू लागला.

बाहेर आले तर व्याही वाट अडवून उभा. मागे पाच-सहा माणसं. मुलगी बाकावर, मांडीवर थर्मास.

"डोस चुकला ना बाई तुमचा?"

नुसती नकारार्थी मान हलवून पुढे गेले असते तरी चाललं असतं.

"डोस चुकला नाही," मी म्हटलं. "रोजची दारू तीन दिवस मिळाली नाही, म्हणून हे झालं."

मुलीने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, मग आणखी घट्ट केलं. व्याह्याने पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरला. आठवड्यात साखरपुड्याची साडी परत मागितली गेली. पुढे त्या मुलीला एका बिजवराला दिली, असं कानावर आलं.

पेशंट आठव्या दिवशी टाके काढून घरी गेला, माझ्याकडे न बघता. बायकोने मात्र पाहिलं. "तुमच्या तोंडाची उघाडीबी नीट लागत नाय, बाई," ती म्हणाली. मी रिक्षात बसले. त्या दिवशी आणखी दोन ऑपरेशनं होती.

वर्षभराने तोच व्याही पित्ताच्या खड्यांसाठी त्याच टेबलावर आला. या वेळी मी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. तीन प्रश्न झाले. चौथा विचारला.

तो छताकडे बघत राहिला. "दार लावलंय ना?"

"लावलंय."

"रोज सांजच्याला. क्वार्टर. कंदी कंदी जास्त. घरात कोनाला म्हाईत नाय."

"आणि माळ?"

"पितो तेवढा येल काढून खुंटीला लावतो." मग त्याने माझं मनगट धरलं. "बाई, तवा व्हरांड्यात बोल्लात, तसं..."

"नाही बोलणार."

मी डोस वाढवून भरला. तो सातव्या अंकाला झोपला. डायझेपाम पहिल्याच दिवसापासून लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून पेज पीत होता, हात जराही न हलता. भेटायला आलेले म्हणाले, देवाची कृपा, माळकरी माणूस. मी ऐकलं आणि नाडी मोजली. पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम मला आधीच्या वर्षीही पाठ होता.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने त्याच्या गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली होती. बाहेर त्याचा मुलगा उभा होता, नव्या बायकोसोबत. मी माळ त्याला दिली. त्याने ती कपाळाला लावली.

"बाबांच्या गळ्यातून ही आज पहिल्यांदा निघाली, बाई."

"सांभाळून ठेव," मी म्हटलं, आणि आत गेले.