दाजी आणि बाभळीचे निखारे

आमच्या दाजींच्या मते देवानं माणसाला हात दिले ते सळई फिरवायला आणि नाक दिलं ते लाकूड ओळखायला; नोकरी, संसार वगैरे बाकीचे उद्योग माणसानं मागाहून पाठीमागे लावून घेतले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कुर्डुवाडीला रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त आहेत. निखाऱ्यावर मटण भाजणारा असा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगतो. जेव्हा छातीठोकपणे सांगायची वेळ आली होती तेव्हा मी काय सांगितलं, तेही या लेखात येईलच. ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

दाजींना लाकूड लागतं ते बाभळीचं, तेही दोन उन्हाळे खाल्लेलं. गल्लीत कुठे धूर निघाला की ते नाक वर करून उभे राहतात. "निंबाचं जाळतंय कुणीतरी. आज त्यांच्यात समदं कडू हुणार," असं म्हणून त्या अनोळखी घरासाठी खरोखर हळहळतात. सोलापुरात आमच्याकडे काही कार्य असलं की ते बाभळीची मोळी घेऊन गाडीत बसतात. एकदा तिकीट तपासनिसानं मोळीकडे बघून विचारलं, सोलापुरात काय लाकडं मिळत नाहीत का? दाजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि कोणत्या लाकडाचा निखारा किती वेळ धरतो हे समजावायला सुरुवात केली. मोहोळपर्यंत तो ऐकत होता. उतरताना त्यानं मोळीला हात लावून नमस्कार केला, असं दाजी सांगतात. यातला नमस्कार मी वजा करतो, पण बाकीचं खरं असावं.

सळया मात्र छत्रीच्या काड्यांच्या. इतकी लवचीक आणि बारीक काडी दुसरीकडे मिळत नाही असं त्यांचं ठाम मत आहे, आणि त्या मतापायी अक्का वीस-पंचवीस पावसाळे डोक्यावर पोतं घेऊन बाजारात गेली आहे. घरात छत्री आली की महिन्याभरात तिचं नुसतं कापड आणि दांडा उरतो. दाजी दुकानात छत्री उघडतात, कापडाकडे ढुंकूनही बघत नाहीत, काड्यांवरून बोट फिरवत राहतात. एक दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, पाऊस अडतोय का ते तरी बघा की." दाजी म्हणाले, "पावसाचं आमाला काय करायचंय?"

मसाल्याच्या बाबतीत त्यांचा कारभार आटोपशीर. मीठ, हळद, आलं-लसूण, काळं तिखट. माझ्या बायकोनं एकदा भीत भीत दह्याचं नाव काढलं, तर म्हणाले, "दही लावाया मटण काय आजारी हाय का?" निखाऱ्यापाशी ते घड्याळ बघत नाहीत. कान खाली नेऊन चरबीचा थेंब कसा वाजतो ते ऐकतात आणि त्या आवाजावरून बाजू बदलतात. ऐकायचा कान डावा, त्यामुळे डावी मिशी कायम होरपळलेली. त्यांचे सगळे फोटो उजवीकडून काढावे लागतात.

आमच्याकडे घरचा जावई म्हणजे पाय धुवायला पाणी, बसायला पाट, पंगतीत पहिलं ताट. त्याला कामाला हात लावू देणं म्हणजे घराची अब्रू जाणं. दाजी लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला शर्ट काढून निखाऱ्यापाशी उकिडवे बसले तेव्हा माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कावरेबावरे झाले. त्यांनी खूप विनवण्या केल्या, मग एक पाट आणून दाजींच्या शेजारी मांडला आणि स्वतः त्यांना वारा घालत उभे राहिले. पुढे अण्णा होते तोवर हा रिवाज पडूनच गेला. मटण जावयानं भाजायचं आणि सासऱ्यानं जावयाला वारा घालायचा.

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाल्यावर मला कचेरीत बढती मिळाली. पुण्याहून बदलून आलेल्या नव्या साहेबांना आणि चार सहकाऱ्यांना मी रविवारी दुपारी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घरी, गच्चीवर जेवायला बोलावलं. आमच्याकडचं भाजलेलं मटण म्हणून पंधरा दिवस कचेरीत टिमकी वाजवली होती. दाजी आदल्या दिवशीच मोळीसकट हजर झाले होते.

साहेब सपत्नीक आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाईंची रेशमी साडी. गच्चीवर पाऊल टाकताच साहेब म्हणाले, "वा, काय वास आहे." मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "हे कोण?"

मीही तिकडे पाहिलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला दाजी परक्याच्या डोळ्यांनी दिसले. काजळी लागलेला बनियन, डोक्याला पंचा, एक मिशी अर्धी, आणि गाल जमिनीला टेकवून निखाऱ्यावर फुंकर घालणं चाललेलं.

"आचारी आहे, साहेब," मी म्हणालो. "कुर्डुवाडीहून मागवलाय."

दाजी चार हातांवर होते. ज्याला चरबीचा थेंब ऐकू येतो त्याला हे ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला अजून पटवू शकलेलो नाही. ते उठले, पंच्याला हात पुसले आणि हात जोडून "नमस्कार साहेब" म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पयली सळई उतरवू का?" मला ते आजवर पाव्हणं म्हणत आले होते. यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. माझी अडचण त्यांनी ओळखली होती आणि ती निभावून न्यायला सुरुवात केली होती.

बायको भाकऱ्या घेऊन वर आली आणि दाजींना म्हणाली, "तुम्ही बसा की आता." तिच्या तोंडून नातं निघायच्या आत दाजींनी उत्तर दिलं, "तुमी वाढा बाईसाहेब, आमी मागनं जेवतो." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. साहेबांनी तोंडभरून स्तुती केली. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा आहे, याचा नंबर द्या म्हणाले. दाजी लगेच म्हणाले, "आमच्या साहेबांना इचारा. त्यांच्याबिगर आमी कुटं जात न्हाय."

'साहेब, हे माझे दाजी.' चारच शब्द होते. आता म्हणतो, हे ताट संपलं की म्हणतो, असं करता करता पाहुणे जिना उतरून गेले. परत वर आलो तेव्हा दाजी पाण्याच्या टाकीमागे पालथ्या घमेल्यावर बसून एकटेच जेवत होते. मला बघून म्हणाले, "साहेब खूश झालं न्हवं? मग झालं की, पाव्हणं." आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाय धरायचे असं ठरवून मी पुढच्याच महिन्यात कुर्डुवाडीला गेलो. दाजी अंगणात निखारे करत होते. अक्का शेजारणीला घेऊनच दारात उभी होती. "ये," ती म्हणाली. "यांनी समदं सांगितलंय मला." माझे पाय तिथेच थबकले.

"साहेबांच्या शेजारी पाट मांडून बसवलंस म्हणं यांना. पयलं ताट बी यांनाच दिलंस." मग ती शेजारणीकडे वळली. "एवढ्या मोठ्या लोकांत, हे आमचे दाजी म्हणून हाताला धरून ओळख करून दिली माझ्या भावानं. आमचं अण्णा बघाया पायजे हुतं." मग पुन्हा माझ्याकडे. "खरं हाय न्हवं रे?"

मी दाजींकडे पाहिलं. ते सळईवर तुकडे ओवण्यात गढले होते. अक्काचा चेहरा इतका फुललेला होता की खरं सांगणं म्हणजे तिच्या हातचं काही हिसकावून घेण्यासारखं झालं असतं. मी हो म्हणालो. अक्कानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तिथं होता तोवर मला मान वर करता आली नाही.

"पाव्हणं, हितं बसा, ही सळई धरा जरा," दाजी म्हणाले. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि सळई धरली. लक्ष ठिकाणावर नव्हतं, बाजू बदलायची राहिली आणि मटण करपलं. दाजींनी माझ्या हातातून सळई घेतली, काळे झालेले तुकडे आपल्या ताटात उतरवले आणि स्वतः भाजलेली सळई माझ्या ताटात ठेवली.