मागायला तोंड लागतं

"पोट्टी चांगली आहे वं, पण मागत काहीच नाही. ना साडी, ना सिनेमा. टीव्ही म्यूटवर टाकल्यासारखी राहते. अशा माणसाच्या मनात काय चालू आहे, समजते काय कोणाले?"

आमच्या सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला हे सांगत होत्या. मी गच्चीवर कपडे वाळत घालते आहे, असा त्यांचा समज. मी जिन्यात होते, हातात रिकामी बादली. मग आवाज न करता परत वर गेले आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा एकदा झटकून वाळत घातले.

मागायचं काही नव्हतं असं नाही. एक गोष्ट होती. लग्नाआधी मी इथेच नागपुरात, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करत होते. लग्नासाठी सोडली. आता तिथल्या मॅडमचा फोन येत होता, "जागा आहे, येतेस का? लवकर सांग." आणि इकडे सासरे लग्न ठरल्यापासून सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, "सून शिकलेली आहे. दुकानात बसंल, आपला गल्ला सांभाळंल!" एवढ्या प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीला मोडता कसा घालायचा? स्वप्निलला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं तर म्हणाला, "तूच विचार. मी विचारलं तर म्हणतील मीच तुले शिकवून राहिलो."

तर ते तसंच राहिलं. मी न बोलता दुकानात बसू लागले आणि किस्से गोळा करू लागले.

आमचं घर महाल भागात, कापडाचं दुकान गांधीबागेत. दोन्हींची दारं थेट रस्त्यावर. दिवसभरात कुणी ना कुणी हात पुढे करून येतंच, आणि संध्याकाळी जेवताना "आज कोण आलं होतं?" ही चौकशी भाजीच्या आधी होते. त्यामुळे या घरात किस्से दुकानातल्या मालासारखे साठतात. नवा ठेवायचा तर जुना सरकवून जागा करावी लागते. पण एक आहे, इथे मागणाऱ्याला कुणी हिडीसफिडीस करत नाही. उलट कसं मागितलं, त्याला मार्क देतात!

* * *

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सगळ्यात लाडका माणूस गोंदियाचा.

गोंदियाचा म्हणजे त्याला गोंदियाला जायचं असतं. खिसा कापला गेला, तिकिटाला पैसे नाहीत. पहिल्या वेळी बाबांनी दिले. महिन्याभराने पुन्हा तोच, तीच पिशवी, तोच खिसा. बाबांनी तेव्हाही दिले. तिसऱ्या वेळी मी गल्ल्यावर होते. बाबांनी चष्मा वर केला.

"काहून गा, तू अजून गोंदियाले पोचलाच नाही?"

माणूस जरासुद्धा चपापला नाही. "पोचलो ना शेटजी! तुमच्याच पैशानं पोचलो. पण मग वापस बी यावं लागते ना!"

बाबा इतके हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला मोजून दिलेलं कापड पुन्हा मोजावं लागलं. तिकिटाचे पैसे दिले, वर चहाला दिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलं? याले म्हणतात गिऱ्हाईक सांभाळणं."

* * *

आईंचा हिशोब वेगळा. आई म्हणजे सासूबाई. त्या दारावर पैसे देत नाहीत, खायला-प्यायला देतात.

एक म्हातारी बाई दुपारी येते. "चहाले दहा रुपये दे वं बाई." आई म्हणाल्या, "पैसे कशाले? बस, चहाच देते." पायरीवर बसवून कपभर चहा दिला.

म्हातारीने एक घोट घेतला. "साखर कमी आहे."

आईंनी साखर घातली. दोन दिवसांनी म्हातारी पुन्हा हजर. घोट घेतला, थोडा विचार केला. "अद्रक नाही टाकलं काय?"

आईंनी आलं आणलं. त्यानंतर "लई पाणी झालं", त्यानंतर "उकळू दे ना जरासा, घाई काहून करतं?" महिनाभर हे चाललं. एवढं तर सासू सुनेला बोलत नाही! शेवटी एक दिवस म्हातारीने कप रिकामा करून पायरीवर ठेवला आणि नुसती मान हलवली. त्या दिवशी आई घरभर गुणगुणत होत्या.

आता घरात सगळ्यांचा चहा त्याच मापाने होतो. परवा स्वप्निल म्हणाला, "आई, गोड झाला गं फार." आईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिनं पास केलेला आहे!"

* * *

स्वप्निल स्वतःला हुशार समजतो. सिग्नलवर कुणी आलं की त्याची उत्तरं तयार असतात. एकदा आम्ही दोघं स्कूटीवर, समोर लाल दिवा, आणि काठी टेकत एक गृहस्थ आले.

"सुट्टे नाहीत काका."

काकांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकचं कव्हर घातलेला क्यूआर कोड काढला. बाजूचे दोन बाइकवाले हसले. स्वप्निलही हसला, पण हरला नव्हता.

"काका, नेट नाही येऊन राहिलं इथं."

काकांनी दुसऱ्या खिशातून फोन काढला.

"हॉटस्पॉट देऊ?"

दिवा हिरवा झाला तरी आम्ही तिथेच होतो. मागचे हॉर्न वाजवत होते आणि स्वप्निल पासवर्ड टाकत होता!

* * *

आमच्या लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तृतीयपंथी मंडळी बधाई मागायला आली. ढोलकीसकट. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मला मधोमध पाटावर बसवलं. त्यांच्यातल्या ज्या मोठ्या होत्या, त्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली, डोक्यावर हात ठेवला आणि आईंना सांगितलं, "पाच हजार."

आई पदर खोचून पुढे झाल्या. तीस वर्षं गांधीबागेचा भाव ऐकलेली बाई!

"पाच हजार? आमचं दुकान आहे वं बाई, टाकसाळ नाही!"

"दुकान आहे म्हणून तर पाच म्हटले. टाकसाळ असती तर पाच लाख मागितले असते!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. आईंनासुद्धा हसू आवरेना. शेवटी पैसे गेले ते गेले, वर दुकानातली एक साडी गेली, आणि ती आईंनी स्वतः निवडून, चांगली काठाची दिली. जाता जाता त्या मोठ्या माझ्याकडे वळल्या. मी "येते" की "या" की "थँक्यू" म्हणायचं, हे ठरवत बसले होते. त्यांनी माझी हनुवटी उचलली.

"आवाज आहे ना वं तुले? मग ठेवलास कोणासाठी?"

हा किस्सा घरात सांगतात तेव्हा टाकसाळीपाशी संपवतात. पुढचा भाग फक्त मला ऐकू आला होता.

* * *

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मागतात, म्हणजे बैलाची ओवाळणी. बाबा त्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसतात. ओळखीची, अनोळखी, कुणाचीही मुलं येवोत, प्रत्येकाला नोट.

या वर्षी एक बैल आला, निळ्या झुलीचा, एक शिंग मोडलेलं. बोजारा घेऊन गेला. थोड्या वेळाने पुन्हा निळी झूल, पुन्हा एक शिंग. बाबांनी दिला. तिसऱ्यांदा तोच बैल आला तेव्हा दोरी एका फ्रॉकवाल्या चिमुरडीच्या हातात होती.

"काय वं, हा बैल तर आताच येऊन गेला ना?"

"हाव आजोबा," चिमुरडी म्हणाली, "बैल तोच आहे. मी नवीन आहे."

बाबांनी तिला दुप्पट दिला. आणि आत येऊन आम्हाला म्हणाले, "आपल्या दुकानात अशी एक पाहिजे होती!" मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि घाईघाईने म्हणाले, "म्हणजे, आहेच."

त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून मी हसले. मॅडमचा मेसेज तेव्हा फोनमध्ये उघडाच होता: "या आठवड्यात कळव. नाहीतर दुसरीला घ्यावं लागेल."

* * *

आता हा शेवटचा. हा जेवताना सांगायचा राहून गेला, कारण त्याआधीच दुकानात पोचला.

मी मिहानला जाऊन आले. घरी नुसतं "जाऊन येते" म्हटलं. कमी बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो, "कुठे?" असं कुणी विचारत नाही. तिथे कागद भरले, झेरॉक्स काढल्या, सह्या केल्या. मॅडमना "हो" म्हटलं. बाहेर आल्यावर आनंद झाला, पण खरं "हो" तर अजून घरातून यायचं होतं.

वाटेत पंपावर थांबले. नागपूरच्या उन्हात सगळ्या मुली बांधतात तसं तोंड ओढणीने घट्ट बांधलेलं, फक्त डोळे उघडे. "शंभरचं टाका." पोऱ्याने टाकलं. पर्स उघडली तर नोट नाही, ती झेरॉक्सवाल्याकडे गेलेली. फोन घरी चार्जिंगला लावलेला, तसाच राहिला होता.

पंपावरच्या माणसाने शांतपणे माझ्या स्कूटीची किल्ली काढून खिशात घातली. "रोजचंच आहे मॅडम. मागा कोणाले तरी."

मागा! एका बाइकवाल्याजवळ गेले. "एक्स्क्यूज मी—" म्हणताच तो म्हणाला, "नाही पाहिजे." त्याला वाटलं मी काहीतरी विकते आहे. मग एक कारवाले. काच चार बोटं खाली आली. "क्रेडिट कार्ड आहे आमच्याकडे," आणि काच वर!

तिसरे एक काका होते. जुनी स्कूटर, मागे कापडाचा गठ्ठा बांधलेला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका श्वासात सगळं बोलून टाकलं, "काका, पेट्रोल भरलं, पैसे नाहीत, किल्ली त्यांच्या खिशात आहे, शंभर रुपये द्या. परत देईन, पण कसे ते मले माहीत नाही."

काकांनी स्कूटर स्टँडवर लावली. मग त्यांनी शंभराची नोट काढली. "तोंड तर दाखव वं पोरी, कोणाले देऊन राहिलो ते समजू दे."

"ऊन लागते काका," मी म्हटलं, नोट घेतली आणि पळाले.

दोन दिवसांनी दुपारी दुकानात आम्ही सगळेच होतो. आई डबा घेऊन आलेल्या, बाबा गादीवर, स्वप्निल गठ्ठे लावत होता, मी ओढण्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात "काय शेटजी!" म्हणत एक गिऱ्हाईक आत आलं. बुटीबोरीचे दुकानदार, वर्षानुवर्षं आमच्याकडून माल नेणारे. लग्नाला येऊ शकले नव्हते, म्हणून मी त्यांना ओळखत नव्हते.

आता ओळखलं. मी ओढणीची घडी उलगडून परत घालायला घेतली.

"परवा काय गंमत झाली सांगतो," काका पाय दुमडून बसले. "मिहानकडून येऊन राहिलो होतो. पंपावर एक पोट्टी, तोंड बांधलेली. म्हणे शंभर रुपये द्या!"

"अन् दिले तुम्ही?" आईंनी कपाळाला हात लावला. "फसवलं भाऊजी तुम्हाले! तोंड बांधलेली होती ना? झालं मग!"

"फसवलं असंल. पण मागितलं बाकी एक नंबर! म्हणते, परत देईन, पण कसे ते माहीत नाही! इतक्या वर्षांत किती लोकाईनं उधार नेला शेटजी, एवढं खरं कोणी बोललं नाही."

बाबा खूश होऊन पुढे सरकले. "वा! अजून काय म्हणे?"

"मी म्हटलं तोंड दाखव, तर म्हणते ऊन लागते!"

बाबा टाळी द्यायला पुढे झाले. स्वप्निलचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याच्या हातातला गठ्ठा हळूच खाली बसला.

"हसता काय?" आई म्हणाल्या. त्यांना खरंच काळजी वाटत होती. "कोणाच्या घरची पोरगी असंल, काय माहीत! अन् तिच्या घरच्याइले खबर बी नसंल, कुठं जाऊन राहिली, काय करून राहिली ते."

मी ओढणी बाजूला ठेवली. पर्समधून शंभराची नोट काढून काकांच्या पुढ्यात ठेवली. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला.

"हे घ्या काका तुमचे शंभर. आई, तुमच्याच घरची आहे ती. मिहानमध्ये नोकरी धरली आहे तिनं, सोमवारपासून जायचं म्हणते. डबा द्याल ना?"