तोशीस लागू देणार नाही

नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या दस्तलेखकाला सगळे तोशीसमामा म्हणत. हमीपत्राच्या शेवटी ठरलेली ओळ असते, 'आपणांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही.' ती टाइप करण्याआधी मामा सही करणाऱ्याला तिचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगायला लावायचे. सांगता आला नाही, तर टाइप करणं थांबवून खुशाल चहा मागवायचे. वकील वैतागत, पण मामा ढिम्म हलत नसत.

त्या दुपारी समोरच्या बाकावर त्यांची सख्खी ताईच येऊन बसली. मागे तिचा मुलगा उभा होता, नजर सारखी फाटकाकडे. त्याच्या धंद्यात एक भागीदार माल घालणार होता. भागीदाराचं नुकसान झालं, तर ताईचं राहतं घर त्याला द्यायचं, असा करार. हा भाचा खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, अगदी लहानपणापासून. आजही ते लाल होते.

"ताई, तोशीस म्हणजे काय?"

"नुकसान. त्याचं झालं तर मी भरून द्यायचं. लिही आता."

"अर्धंच सांगितलंस. शब्द फारसीतला आहे. तिकडे अर्थ काळजी, मनाची घालमेल. नुकसान मागाहून चिकटलं. आधी झोप उडते ताई, घर नंतर जातं."

"मग ती कधीच लागलीय मला. हा घरात येरझाऱ्या घालतो, मी पडल्या पडल्या ऐकते. माझ्या सहीने निदान हा तरी निजेल."

'नाही लिहीत, जा,' असं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या नियमानेच त्यांना पकडलं. विचारलेला अर्थ ताईने बरोबर सांगितला होता, त्यांच्याहून बरोबर. त्यांनी ओळ टाइप केली.

भागीदार आला तो बसलाही नाही. ताईची सही वाळली तशी त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"बाई, तुमच्या मागच्या दाराचं कुलूप फार अडकतं हो," तो जाता जाता म्हणाला. "तेल घाला जरा."

ताईने त्या माणसाला आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्या कुलपाची दुसरी किल्ली फक्त मुलाकडे असायची. तिने वळून मुलाकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता.