तेहतीस म्हणजे तेहतीस

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी, आष्टी-आलापल्ली रस्त्यावर आमच्या छोट्या गाडीचा पुढचा डावा टायर फाटला. तोपर्यंत त्या टायरमधली हवा मी स्वतः तीन वेळा बरोबर केली होती.

गाडीत तिघे होतो. मी, बायको सुषमा आणि सासरे मारोतराव. सासरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या गाडीवर बावीस वर्षे एकच कंडक्टर होता, देवाजी. देवाजी त्या दिवशी निवृत्त होणार होते. साडेअकराला आलापल्लीहून चंद्रपूरला निघणारी बस ही त्यांची शेवटची फेरी. बावीस वर्षांत सासऱ्यांनी देवाजींकडून एकदाही तिकीट काढले नव्हते (ड्रायव्हर कशाला काढेल!). या फेरीत प्रवासी म्हणून बसायचे आणि देवाजींच्या हातचे, सवलत न घेता, पूर्ण तिकीट घ्यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

"फोन नाई करायचा त्याले," त्यांनी बजावले होते. "तिकीट मांगाले आला का मी समोर दिसलो पायजे."

त्यांना वेळेवर पोचवण्याची जबाबदारी मी घेतली.

मी वर्तमानपत्रात काम करतो. कोणताही आकडा दोन ठिकाणी तपासल्याशिवाय छापायचा नाही, ही सवय. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा आकडा तेहतीस लिहिला होता. गाडीच्या पुस्तकातही तेहतीस. शेजाऱ्यांनी पस्तीस सांगितले, पंक्चरवाल्याने चाळीस. दोघांनाही मी विचारले, "आधार काय?" आदल्या संध्याकाळी पंक्चरवाल्याकडूनच चारही टायरमध्ये तेहतीस भरून घेतली आणि हवा मोजायचे नवे डिजिटल गेज खिशात टाकले.

सव्वासातला चंद्रपूरहून निघालो. गोंडपिपरीला चहा घेताना सहज गेज लावले. सदतीस! चारही टायरमध्ये सदतीस! माझी खात्री झाली की पंक्चरवाल्याचा काटा खोटा आहे. मी खाली बसून हवा सोडू लागलो.

"जावईबापू, हवा काऊन सोडून राह्यले?"

"चार जास्त आहे, बाबा."

"जास्त नाई हो. गाडी चालली, टायर तापलं, हवा फुगली. थंडं झालं का येते आपल्या जागेवर."

"पण आकडा तर सदतीस दाखवतो ना!"

सासरे चहा पिऊ लागले. सुषमा म्हणाली, "बाबा, तुमी नका बोलू. त्यायनं पुस्तक वाचलं हाय."

आष्टीला पुन्हा मोजली. छत्तीस! (हवा कमी असली की टायर जास्त तापतो आणि तापला की आकडा पुन्हा चढतो, हे मी नंतर वाचले.) पुन्हा तेहतीस केली. पुढे मोहाच्या झाडाच्या सावलीत पुन्हा थांबलो. पस्तीस! पुन्हा सोडली. प्रत्येक थांब्याला पंधरा-वीस मिनिटे जात होती. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी डिकीतून टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब, काढली आणि चारही टायर ठोकले.

"ऐका. ढब ढब बोलून राह्यला हा. टायर कसं टण्ण बोलाले पायजे. पुढं गिट्टी उखडली हाय, सांगून ठेवतो."

"बाबा, तेहतीस म्हणजे तेहतीस."

चार किलोमीटरवर खड्डा आला. टायर रिमखाली चेपला आणि बाजूने फाटला.

गाडीचे दार उघडे ठेवून सुषमा त्याच्या सावलीत उभी होती. ती स्टिकर वाचू लागली. "अहो, इथी खाली लिवलं हाय. टायर थंड असताना."

ती ओळ बारीक अक्षरांत होती. बारीक अक्षरे तपासण्याचाच मला पगार मिळतो.

मग स्टेपनी काढली. तिच्यात हवा होती नऊ. चार टायरची हवा मी आठ वेळा मोजली असेल, स्टेपनीची एकदाही नाही. डिकीत पायाने मारायचा पंप होता, त्याची नळी दोन ठिकाणी चिरलेली. तिला चिकटपट्टी लावून सासरे पंप मारू लागले. उन्हामुळे त्यांनी डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. मी गुडघ्यावर बसून आकडे सांगत होतो.

"बस आली का हात दाखवजा, जावईबापू. इथूनच बसतो मी."

"हो, बाबा. अठ्ठावीस."

"ध्यान ठेवजा."

"एकोणतीस... तीस..."

अकरा पंचावन्नला वळणावरून हॉर्न वाजला. मी हात वर करायला हवा होता. हातात गेज होते आणि आकडा एकतीसवर हलत होता!

सासरे पंप सोडून धावले आणि त्यांनी दोन्ही हात हलवले. दारात हार घातलेले देवाजी उभे होते. दुपट्ट्यातला माणूस त्यांनी ओळखला नाही. त्यांनीही हसून हात हलवला. बस गेली.

"पाठलाग करू, बाबा?"

"याच्यात?" सासरे म्हणाले.

बारा पंचवीसला चंद्रपूरची पुढची बस आली. या वेळी मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. सासरे चढले. तिकीट त्यांनी एका तरुण कंडक्टरबाईंकडून काढले. पूर्ण.

देवाजींनी तिकिटाचे मशीन चंद्रपूरला पावणेतीनला जमा केले. सासरे सव्वातीनला पोचले. आम्ही दोघे पाच वाजता.