पुतळ्यातली खालची बाई

आमच्या चौकातल्या पुतळ्यात दोघं होती. वर घोड्यावर तलवार उपसलेला स्पॅनिश कप्तान, आणि घोड्यापुढे गुडघे टेकून मान खाली घातलेली, इथल्या मूळच्या केचुआ लोकांतली एक बाई. ती बाई म्हणजे आपली आई, असं बासिलिया सांगायची. तिची आई सातुर्निना शिल्पकाराकडे धुणं धुवायची. त्यानेच तिला समोर बसवून पुतळा घडवला होता.

बासिलिया बाजारात माझ्या शेजारी उकडलेला मका विकायची. आई गेली तेव्हा ती रांगत होती. फोटो एकही नाही. पुतळ्याचा चेहरा जमिनीकडे, भोवती उंच कुंपण. आई दिसायची कशी, हे सत्तरी उलटली तरी तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आसपासच्या गावांनी ठरवलं, आपल्या पूर्वजांना खाणीत जुंपणाऱ्या कप्तानाला आता हार घालायचे नाहीत, खालीच उतरवायचं. दोरखंड घेऊन माणसं आली, कुंपण मोडलं. बासिलिया टोपली माझ्याकडे सोपवून गर्दीत घुसली.

“त्याला खुशाल पाडा. हिला हात लावायचा नाही!”

मोर्चाचा म्होरक्या रोसेन्दो वैतागला. “अगं मावशी, हीच तर जास्त लाजिरवाणी. गुडघे टेकलेत बघ त्याच्यापुढे.”

“त्याच्यापुढे टेकलेत, हे तिने सांगितलं का तुला?”

लोक हसले. रोसेन्दोने मान डोलावली. कप्तान घोड्यासकट मागच्या बाजूला कोसळला, बाई तेवढी राहिली.

मग बासिलिया चौथऱ्यावर चढली. घागरा सावरत उताणी झोपली आणि त्या तोंडाखाली डोकं सरकवलं. रोसेन्दो जवळ आला.

“मावशी, बरी आहेस ना?”

“ओठ चावतेय रे ही.”

“रडतेय?”

“छे! हसू दाबतेय. कुणीतरी हसवलंय हिला.”

मग काय, एकेक जण आडवा पडून बघायला लागला. रोसेन्दोसुद्धा. गावसभेत बरीच हमरीतुमरी झाली, पण शेवटी बाईला ठेवायचं ठरलं. चौथरा काढून तिला जमिनीवर आणलं.

बासिलियाला मात्र चैन पडेना. हसवलं कुणी? बस पकडून ती सुक्रे शहरात गेली, शिल्पकाराच्या म्हाताऱ्या मुलीला भेटली. परतली ती टोपली न मांडताच सांगायला लागली, “तिचा बाप म्हणे भारी गंभीर माणूस. पण कारखान्यात पोपट होता, कप्तानाला शिव्या देणारा!”

“कसल्या शिव्या?” मी विचारलं.

“तिला आठवेनात. धाकटा भाऊ आहे तिचा, पोतोसीला असतो. सणानंतर जाते. येतेस?”