रिव्हर्सचे दिवे

काय घडलं ते सांगण्याआधी ज्यांच्यामुळे ते नीट पार पडलं त्यांचं सांगतो. बारामतीत गुळाच्या एका अडत्याकडे लॉरी चालवणारे एक तात्या आहेत. राहायला जळोचीला. लढाईत मिलिटरीचा ट्रक चालवून आलेले, त्यामुळे आवाज असा, की जणू शेजारी इंजिन चालूच आहे. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी ओरडूनच बोलणार. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी कोकणातला, म्हणून 'कोकण्या'. पहिल्यांदा राग आला होता. आता दुसऱ्या कोणी तसं म्हटलं तर राग येतो.

मी शाळा लवकर सोडली. वडील गेले, घरी आई आणि धाकट्या बहिणी, मग पुस्तकं कोपऱ्यात गेली आणि मी घाटावर जाणाऱ्या एका मालट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. तिथेच गाडी शिकलो, लायसन काढलं आणि कोणाच्या तरी ओळखीने बारामतीच्या एका बागाइतदारांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. आईला नोकरी लागल्याचं कळवलं. 'तूर्त बघू, जमलं तर ठेवू' असं मालक म्हणाले होते, तेवढं कळवलं नाही. मी मुळात काळजी करणारा माणूस. रात्री अंथरुणावर पडलो की हँडब्रेक ओढलाय का, याची शंका यायची आणि परत उठून बघून यायचो. गाडीत मात्र, एकदा स्टिअरिंग हातात आलं की मन शांत. ते मला पहिल्यापासून जमतं, हे मी आढ्यतेने नाही सांगत.

मालकांची गाडी मुंबईहून घेतलेली, मोठी, अमेरिकन. आधीच्या मालकाने हौसेने मागच्या बंपरखाली दोन जादा दिवे बसवून घेतले होते. गिअर रिव्हर्सला टाकला की ते आपोआप लागत. सणसरला मालकांची शेती. तिथे पहिल्यांदा ते दिवे लागले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ वाकून बघून म्हणाले, "मागं बी डोळं हायत व्हय हिला?"

आमच्यासाठी ते दिवे हौसेचे राहिले नव्हते. सणसरचा मळा पाटाच्या पलीकडे. पुलावरून गेलं की पाटाच्या कडेने एक वाट, गाडीच्या रुंदीएवढीच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा ऊस. गाडी वळवायला जागा नाही. आत सरळ जायचं आणि येताना पुलापर्यंत तसंच मागे मागे यायचं. थंडीच्या दिवसांत मालकांचं मळ्यातलं काम आटोपेपर्यंत अंधारून यायचं. तेव्हा मागचे दोन डोळेच खरे.

ते एका संध्याकाळी लागले नाहीत. गिअर टाकला, मागे बघतो तो काळोख. गिअर काढून परत टाकला. तसंच. शेवटी मालकांचे चुलत भाऊ कंदील घेऊन मागे उभे राहिले. "या... या... या..." म्हणत ते मागे सरकत होते आणि त्यांच्या कंदिलाच्या उजेडात मला त्यांच्या धोतराखेरीज काही दिसत नव्हतं. पाटाच्या बाजूचं मागचं चाक कडेला गेलं. ढेकळं सुटून पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला, मालकांनीही ऐकला. मी गाडी थांबवली. मालक दार उघडून उतरले आणि पुलापर्यंत चालत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बारामतीला परत आल्यावर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात लासुर्ण्याला भाचीचा साखरपुडा हाय. तितली वाट मळ्यातल्यापेक्षा अरुंद, घरची बायका-माणसं गाडीत असणार. दिवा लागला तर तू ने. न्हाय तर इंदापूरला एक ड्रायव्हर हाय, त्याला बोलावतो. मग दोन ड्रायव्हर मला काय करायचं?"

एवढंच. पण ते मी मनात घरापर्यंत नेऊन बघितलं. बोचकं घेऊन अंगणात उभा असलेला मी, आणि आई विचारतेय, सुट्टी किती दिवसांची.

दुसऱ्या दिवशी नवे बल्ब आणून बसवले. लागले नाहीत. फ्यूज बघितला, शाबूत होता. एका गॅरेजात नेली. ते म्हणाले, सगळी वायर नवीन ओढावी लागेल, गाडी ठेवून जा, साखरपुड्याच्या आत होईल असं काही सांगत नाही. गाडी ठेवली तर मालक बाजारात कशातून जाणार? मी तशीच गाडी काढली आणि गुळाच्या बाजारात नेली. तात्यांची माझी ओळख रस्त्यावरची. समोरासमोर आलो की ते हॉर्न वाजवायचे, इतकीच.

हमाल ढेपा उतरवत होते. तात्या लॉरीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. मी सगळं सांगितलं. माझा आवाज बहुतेक रडवेला झाला असावा, कारण ते म्हणाले, "दिवाच गेलाय न्हवं? का कुणी माणूस गेलंय?"

"नोकरी जाईल, तात्या."

"जाईल तवा जाईल. बल्ब नवं घातलंस?"

"हो."

"दोनी?"

"दोन्ही."

"दोनी येकदम मेलं असतील असं वाटलंच कसं तुला? जुळं हायत व्हय ते?" आजूबाजूचे हमाल हसले. "दोनी येका टायमाला गेलं म्हंजे दोगांचं जे सामायिक असंल तितंच दुखणं. हे आदी डोक्यात घे, मग हात घाल."

त्यांनी लॉरीतून एक बल्ब काढून दिला, त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या. मला वाटलं, आता तात्या गाडीखाली शिरणार. ते जागचे हलले नाहीत. "मी काय सांगतो ते तू कर. मी हात लावनार न्हाय."

आधी त्यांनी मला, मी बदललेले जुने बल्ब बॅटरीला धरून बघायला लावले. दोन्ही लखलखीत लागले. म्हणजे नवे उगाचच आणले होते. मग ते स्वतः उठून गाडीत बसले, किल्ली फिरवली, गिअर रिव्हर्सला टाकला आणि तिथूनच ओरडले, "येक वायर दिव्याच्या आतल्या टोकाला लाव. दुसरी बंपराच्या उघड्या लोखंडाला."

मी लावली. हातातला बल्ब लागला.  "लागला, तात्या. वीज येतेय."

"म्हंजे स्विच बरा, वायर बरी. आता सांग, वीज येती तर दिवा का लागंना?"

 तात्या उतरून मागे आले.

"हे बग. पाटाचं पाणी रानात गेलं, मुरलं, संपलं. वीज मुरत न्हाय. बॅटरीतनं निघती, दिव्यातनं जाती आन् गाडीच्या लोखंडातनं माघारी बॅटरीत येती. माघारी यायला वाट न्हाय दिली तर ती घरातनं बाहीरच पडत न्हाय. तुज्या बल्बाची वायर तू लोखंडाला लावलीस, तिला वाट घावली. ह्या दिव्यांना लोखंड कुठं लागतंय ते बग."

मी वाकून बघितलं. दिवे रबराच्या जाड चकत्यांवर बसवलेले. लोखंडाला कुठेच टेकत नव्हते. पण दोन्ही दिव्यांतून एकेक काळी वायर निघून एकत्र होत होती आणि एका भोकातून वर डिकीत जात होती.

"डिकीत काय वाहतोस?"

"काहीच नाही."

"कायच न्हाय?"

"मालकांना मिळालेल्या भेटी असतात. काकवी वगैरे."

तात्यांनी तंबाखूची पिंक बाजूला टाकली. "उघड."

इथे काकवीचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे काकवी घावनाबरोबर ताटात येते, चमच्याने. इकडे घागरीने येते. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की मालकांचे सगळे भाऊबंद, सोयरे त्यांना बोलावणार. गेलं की आधी रस, मग गरम गूळ, आणि निघताना काकवीची घागर गाडीत. आलेला माणूस रिकामा गेला तर गूळ आटवायची पुढची काहील बिघडते, अशी तिथल्या लोकांची समजूत. शिवाय एकाची घेतली आणि दुसऱ्याची नको म्हटली, तर ते भांडण पुढच्या हंगामापर्यंत चालतं. त्यामुळे मालक कोणालाच नको म्हणत नसत. घागरीच्या तोंडात उसाच्या पाचटाचा बोळा कोंबायचा आणि डिकीत ठेवायची, ही रीत. बैलगाडीत ती चालत असेल. आमची गाडी खड्ड्यातून उडाली की बोळा निघायचा. मी रोज ओल्या फडक्याने डिकी पुसायचो, मुंगळे झटकायचो. पण ड्रायव्हर म्हणून माझ्या डोक्यात माल म्हणजे पोती, पेट्या. मालकांना प्रेमाने दिलेली घागर हा माल आहे आणि तो गाडीचं काही बिघडवू शकतो, हे मनाला शिवलंच नव्हतं.

डिकीतलं जाड कापड मी नुसतं वरून पुसत होतो, तात्यांनी ते उचलायला लावलं. ते सुटेना. ओढल्यावर चर्रकन आवाज करत निघालं. खाली चिक्कीसारखा काळा, चकचकीत थर, त्यात पाचटाचे तुकडे आणि अडकून मेलेले मुंगळे. त्या थरात कुठेतरी ती काळी वायर शिरत होती. तिचा स्क्रू दिसतसुद्धा नव्हता.

तात्या इतके हसले, की ढेपा उतरवणारे हमाल काम सोडून आले. "माज्या लॉरीचा पैला हॉर्न गुळानं खाल्लाय. पर मी गूळ वाहतो बाबा, भाड्यानं. तुमी फुकटात दिवा चारलाय."

जवळच्या हॉटेलातून गरम पाणी आणलं. मी खरवडत बसलो. स्क्रू निघाला तेव्हा त्याच्या खालीसुद्धा काकवी शिरून कडक झालेली आणि लोखंडाला गंज. तात्या म्हणाले, परत तिथेच लावू नकोस, सांडलेलं खालीच येणार. मग डिकीच्या बाजूच्या भिंतीला, वरच्या अंगाला जागा शोधली. रंग घासून लोखंड पांढरं केलं, वायरीचं टोक घासलं आणि स्क्रू तिथे आवळला. तात्यांनी गिअर टाकला. उन्हात दिसेना, म्हणून मी दिव्यापुढे हाताचा आडोसा केला. तळव्यावर पिवळा उजेड पडला. दुसऱ्या दिव्यापुढे धरला, तिथेही.

एक हमाल म्हणाला, "लागला की रं. आता मागल्या अंगानं जा पुण्याला."

माझा आनंद फार टिकला नाही. मालकांना काय सांगायचं? तुमच्या काकवीने दिवा गेला, असं नव्या ड्रायव्हरने म्हणायचं? मी तात्यांना विचारलं, "वायर सैल झाली होती, एवढंच सांगू का?"

"सांग. मग परत घागर डिकीत, आज वर आवळलास तो स्क्रू बी येक दिस बुडंल, आन् तवा तू पाटात." मग स्वतःच गाडीत बसले. "चल, मी येतो."

मालक ओसरीवर होते. तात्या उभ्यानेच म्हणाले, "आबा, तुमच्या डायवरनं दिवा काढला बगा शोधून."

"त्यानं, का तुमी?"

"मी हात लावला न्हाय. इच्यारा त्याला, येकेक सांगंल."

मालकांनी विचारलं आणि मी सांगत गेलो. बल्ब जोडीने जात नाहीत इथपासून. बोलताना माझ्या लक्षात आलं, की मला हे सगळं खरंच येतंय. कोणी मधेच काही विचारलं असतं तरी उत्तर देता आलं असतं. डिकीपर्यंत आलो आणि अडकलो.

"मग? थांबलास का?"

"डिकीत काकवी सांडली होती, मालक. स्क्रूखाली वाळून बसली, म्हणून वीज परत जाईना."

 तात्या म्हणाले, "तुमाला गोड माणसं लई, आबा. गाडीला सोसंना."

"म्हंजे दिवा मीच घालवला म्हणा की."

"मी कुठं म्हणतो? मुंगळं म्हणत्यात."

मालकांच्या मिशा हलल्या. मग ते मोठ्याने हसले आणि आत चहा सांगितला.

लासुर्ण्याला गाडी मीच नेली. साखरपुडा झाला, जेवणं झाली, आणि व्याही काकवीची घागर घेऊन आलेच. मालकांनी नको म्हटलं नाही. पण डिकीकडे वळलेल्या गड्याला त्यांनी थांबवलं, घागर पुढे स्वतःच्या दोन्ही पायांत धरून बसले आणि म्हणाले, "आता ने." अंधार पडलेला. मी गिअर टाकला. मागे वाटेवर दोन पिवळे पट्टे पडले. पाटाची कड, कडेचं गवत, चाकोरीतलं ढेकूळ न् ढेकूळ दिसत होतं. मागे बसलेल्या बायकांच्या गप्पा थांबल्या नाहीत, यावरून मी ओळखलं की गाडी बरोबर चाललीय. कंदील कोणी मागितला नाही. मालक खाली उतरले नाहीत.

तिथल्या पुलापाशी गाडी वळवली तेव्हा मालक म्हणाले, "तुमच्याकडं शिमगा मोठा असतो म्हणतात. जा गावाला. पर धुळवड झाली की हजर पायजेस."

जमलं तर ठेवू, हे बोलणं त्या दिवशी संपलं. त्यानंतर मला हँडब्रेक बघायला उठावं लागलं नाही, असं नाही. उठतो. पण परत येऊन झोप लागते.

तात्यांना मी चहा पाजायला गेलो तर म्हणाले, "तुजा चा पिलो तर तू फेडलंस म्हणशील. ऱ्हाऊ दे अंगावर." ते अंगावरच आहे आणि मला ते जड वाटत नाही. पण तात्यांचं वय होत चाललंय आणि लॉरी काही हलकी होत नाही. ज्या हंगामात त्यांना ते स्टिअरिंग ओढवेनासं होईल, त्या हंगामात त्यांच्या जागी मी बसेन, त्यांच्या अडत्याचा गूळ शेवटच्या ढेपेपर्यंत वाहीन आणि त्यांची जागा त्यांच्याच नावावर राखीन. तेवढ्या दिवसांसाठी मला सोडावं लागेल, हे मालकांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. ते हो म्हणाले आहेत.