प्लास्टिकच्या सर्जाचं शिंग

आमच्या गावच्या यात्रेत ज्या चार बैलांवरून सगळ्यात जास्त भांडणं झाली, ते चारही बैल प्लास्टिकचे होते.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे माझ्या तरुणपणातली. तेव्हा मी अवघी चौसष्टची होते. अंगात जोर होता आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती.

माझी नात पल्लवी तेव्हा अवसरीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं कुठल्याशा यंत्रावर प्लास्टिकचा हातभर लांबीचा अख्खा बैलगाडा तयार केला. चार बैल, गाडा, पुढं घोडी, घोडीवर स्वार. यात्रा कमिटीनं तो पाहिला आणि ठरवलं, यंदा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, जो 'घाटाचा राजा' होईल त्याला ढालीऐवजी हाच द्यायचा. पल्लवीची ही पहिलीच ऑर्डर. हे काम नीट झालं तर आणखी गावांची कामं मिळणार होती. पण रंग द्यायच्या आठवड्यातच तिची परीक्षा आली.

"आजी, तू देशील रंग?"

"देशील म्हणजे? चाळीस वर्षं पोळ्याला बैलांची शिंगं कोण रंगवतंय? तुझा आजोबा?"

(आजोबा तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.)

पल्लवीनं एक खोकं दिलं आणि बजावलं, "प्लास्टिकला हे पाण्यात कालवायचे रंगच लावायचे. आधी राखाडी, मग पातळ पांढरा. वाळला की पुन्हा पातळ. ऑइलपेंट आणि थिनर जवळसुद्धा आणायचं नाही."

ती कॉलेजला गेली, मी खोकं उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. रंगाच्या बाटल्या केवढ्या, तर कानात घालायच्या औषधाएवढ्या! एवढ्यात खिलारी बैल रंगतो? फार तर शेपूट रंगेल! आणि खिलाराला राखाडी? उद्या म्हशीला गुलाबी लावायला सांगाल! आमच्याकडे संडासाच्या दाराला लावून उरलेला पाव डबा ऑइलपेंट होता. पांढराशुभ्र, चकचकीत. खोक्यातला ब्रश माझ्या बोटांत सापडेना, म्हणून ह्यांचा मिशीला कलप लावायचा ब्रश घेतला. (ह्यांना हे आजतागायत माहीत नाही. आता कळेल.)

दिला एक दणदणीत हात! बैलांचे डोळे गेले, नाकपुड्या गेल्या, वशिंडाचा रंग ओघळून पोटापर्यंत आला.

"हे बैल हायेत का उकडलेली अंडी?" हे म्हणाले.

"वाळल्यावर बघा!" म्हणत मी बैल अंगणात उन्हाला ठेवले. पलीकडच्या रानात गव्हाची मळणी चाललेली. वारा सुटला, भुसा उडाला, आणि तासाभरानं बघते तर चारही बैलांना लोकर फुटलेली!

"आता मेंढरं झाली," हे म्हणाले.

"टीका पुरे! थिनरचा डबा उघडून द्या!"

ह्यांनी डबा उघडून दिला. (ह्या सगळ्या कामात ह्यांचा हातभार एवढाच. लक्षात ठेवा.) मी फडकं थिनरमध्ये बुचकळलं आणि पहिल्या बैलाचं डावं शिंग खसाखसा पुसलं. शिंग मेणासारखं मऊ झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत बैलाच्या डोळ्यावर लोंबलं.

नेमके त्याच क्षणी तुकानाना अंगणात आले. नाना म्हणजे आमच्या वाडीचे नामांकित गाडामालक. त्यांच्या लाडक्या सर्जाचं डावं शिंग जन्मापासून असंच लोंबतं, आणि आदल्या वर्षी हाच सर्जा भर घाटातून वळून माघारी पळाला होता. नानांनी प्लास्टिकचा बैल पाहिला आणि त्यांचं तोंड लालबुंद झालं.

"वैनी, ह्यो तर माझा सर्जा! साऱ्या गावापुढं माझी चेष्टा करता व्हय? ह्यो गाडा स्टेजवर चढू दिला तर नावाचा तुका न्हाई!"

पोरीची पहिली ऑर्डर, आणि मी ती थिनरमध्ये बुडवली! पण चूक कबूल करायचं माझं वय नव्हतं.

"चेष्टा कसली, नाना? मुद्दाम केलाय. सगळ्या तालुक्यात बक्षिसावर घ्यावा असा बैल एकच!"

नाना खाली बसले. डोळे पुसले. "लई हुबेहूब झालाय बगा. च्या टाका."

चहा पिऊन नाना गेले ते थेट चावडीवर. संध्याकाळी बाकीचे तीन गाडामालक माझ्या दारात!

"शर्यतीआदीच निकाल लावला का, आजी?"

"नानाचा सर्जा, मग आमचा पाखऱ्या काय वाटंवर पडलाय?"

मग काय! दुसऱ्याच्या कपाळावर काळा ठिपका आला, तिसऱ्याचे कान तपकिरी झाले, चौथ्याचं वशिंड तांबूस झालं. ओल्या रंगावर ओला रंग! चार वैऱ्यांचे चार बैल एका गाड्याला जुंपले मी. खरे असते तर एकमेकांना फाडून मोकळे झाले असते. शेवटी सरपंच आले आणि म्हणाले, "घोडी पांढरी का? माझी तर तांबडी हाय." घोडीही तांबडी झाली.

यात्रेच्या आदल्या दिवशी पल्लवी पेपर संपवून आली. गाडा बघून दारातच थांबली.

"आजी, हे काय आहे?"

"गावाची एकी!" मी म्हणाले.

तिनं कपाळाला हात लावला. पुन्हा रंगवायला वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे चारही गाडे हरले. 'घाटाचा राजा' झाले जुन्नरकडचे पाहुणे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. माइकवरून आवाज आला, "गाडा बनवलाय कुमारी पल्लवीनं, आणि सुंदर रंगकाम केलंय तिच्या आजोबांनी!"

आजोबांनी? मी ताडकन उठले! पदर खोचला! डबा उघडणाऱ्याला मान आणि राबणारीचं नावही नाही? तरातरा स्टेजकडे निघाले. तेवढ्यात पाहुण्यांनी आनंदानं गाडा छातीशी कवटाळला. खाली ठेवला, तर शर्टावर चार बैल आणि तांबडी घोडी स्वारासकट उमटलेली!

"कुनी केलंय हे रंगकाम?" पाहुणे गरजले.

मी होते तिथंच मांडी घातली आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "आत्ता माइकवर सांगितलं की!"

पोरीचं मात्र सोनं झालं. तिथल्या तिथं शेजारच्या दोन गावांनी आपापल्या बैलांचे गाडे सांगितले. अट एकच: आजोबांच्या हातात रंग द्यायचा नाही.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "ह्यांना रंगातलं ओ की ठो कळत नाही."